पहिल्या क्रियापदाकडे बघायला शिकवा

मी शाळकरी मुलांनाही इंग्रजी शिकवते आणि नोकरीसाठी शिकणाऱ्या मोठ्या माणसांनाही. बारा काळांचा तक्ता दोघांनाही घडाघडा म्हणता येतो आणि बोलायला लागलं की दोघांच्याही तोंडून ‘डिड यू वेंट?’ बाहेर पडतं. तक्ता चुकीचा नाही, पण तो आठवण्यात सगळं लक्ष जातं आणि वाक्य बघायचं राहून जातं. मी तो उशिरा आणि रिकामा देते. चौकटी ज्याने त्याने स्वतःच्या वाक्यांनी भरायच्या.

सुरुवात एका नियमाने करा : इंग्रजीत काळाची खूण साध्या वाक्यातल्या पहिल्या क्रियापदावर असते आणि फक्त तिथेच. ‘शी वर्क्स’, ‘शी वर्क्ड’, ‘शी हॅज वर्क्ड’, ‘शी वॉज वर्किंग’, ‘डिड शी वर्क?’ ही वाक्यं फळ्यावर लिहा आणि पहिल्या क्रियापदाखाली रेघ मारायला सांगा. रेघेवरचा शब्द आत्ताचा आहे की मागचा, एवढंच विचारा. ‘डिड’ने भूतकाळ दाखवून झाला, मग ‘वेंट’ला काम काय उरलं? हे उमगलं की ‘ही डझन्ट नोज’सुद्धा आपोआप थांबतं.

याच वेळी सांगून टाका की रूप बघितलं तर इंग्रजी क्रियापदाला काळ दोनच आहेत, वर्तमान आणि भूत. आपल्या ‘जाईन’सारखं एका शब्दातलं भविष्यकाळी रूप तिथे नाही. ते काम कधी ‘विल’ करतं, कधी ‘गोइंग टू’, तर कधी साधा वर्तमानकाळ : ‘द ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स टुमॉरो.’

आता अवघड जागा, जिथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. ‘आय हॅव लॉस्ट माय की.’ पहिलं क्रियापद ‘हॅव’, म्हणजे वाक्य वर्तमानाचं आहे! किल्ली हरवली कधीतरी मागे, पण बोलणारा आत्ताची स्थिती सांगतोय : किल्ली नाही, दार उघडत नाही. म्हणून या वाक्याला ‘यस्टर्डे’ चिकटत नाही. ‘काल’ म्हटलं की वेळ संपली. तेव्हा ‘आय लॉस्ट माय की यस्टर्डे’ म्हणायचं. ती नंतर सापडली की नाही, हे त्या वाक्यातून कळत नाही. अमेरिकेत ‘आय जस्ट लॉस्ट माय की’ असंही सर्रास म्हणतात. विद्यार्थ्याने ते ऐकलं असेल तर चूक म्हणू नका.

मराठीत किल्ली ‘हरवली’, ‘हरवली आहे’ आणि ‘हरवली होती’ असे तीन प्रकार आहेत. त्यातल्या तिसऱ्याने आपली मंडळी फसतात. ‘काल मी त्याला भेटलो होतो’ हे मराठीत अगदी सहज आहे, म्हणून तसंच्या तसं ‘आय हॅड मेट हिम यस्टर्डे’ होतं. इंग्रजी ‘हॅड’ला मात्र मागचीच दुसरी एखादी वेळ किंवा घटना लागते : ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ मी विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारते, “कशाच्या आधी?” उत्तर आलं तर ‘हॅड’ ठेवायचं. नाही आलं तर ‘आय मेट हिम’ पुरे.

‘मी इथे पाच वर्षांपासून राहतो’ हे दुसरं ठिकाण. मराठीत साध्या वर्तमानकाळाने भागतं, इंग्रजीत नाही : ‘आय हॅव लिव्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स.’ राहणं मागे सुरू झालं आणि आत्तापर्यंत चालू आहे, म्हणून पुन्हा ‘हॅव’. फळ्यावर आडवी रेघ काढा. सुरुवातीचा ठिपका दाखवायचा असेल तर ‘सिन्स’, पूर्ण लांबी दाखवायची असेल तर ‘फॉर’. आपल्याकडे दोन्हीला ‘पासून’ चालतं, त्यामुळे हे तोंडी सरावानेच बसतं. मी वर्ष सांगते, मग महिने सांगते, आणि वर्गाने लगेच शब्द लावायचा.

‘आय ॲम नोइंग’साठी लांबलचक यादी पाठ करायला लावू नका. ही क्रिया अर्ध्यावर थांबवता येते का, असं विचारा. लिहिणं थांबवता येतं, माहीत असणं नाही. ‘नो’, ‘वाँट’, ‘बिलाँग’ आणि मालकीचं ‘हॅव’ यांना सहसा ‘आयएनजी’ लागत नाही. ‘तो येईल तेव्हा सांगेन’मध्ये ‘व्हेन’नंतर ‘विल’ येत नाही, ‘व्हेन ही कम्स’ म्हणायचं; याला दोन-चार वाक्यं पुरतात.

सरावाला एकच छोटी घटना घ्या. कोणीतरी खिडकी उघडतं, कागद उडतात, तो धावत जाऊन ते गोळा करतो. एकाने हे डोळ्यांसमोर घडतंय असं सांगायचं, दुसऱ्याने काल घडलं म्हणून, तिसऱ्याने रोज घडतं म्हणून. चौथा नुकताच खोलीत आलाय, त्याला फक्त उघडी खिडकी दिसते : ‘समवन हॅज ओपन्ड द विंडो.’ बोलताना चुकलं तर मध्ये तोडू नका. वाक्य पूर्ण होऊ द्या, ते फळ्यावर लिहा आणि खडू त्याच्याच हातात द्या. पहिल्या क्रियापदाखाली रेघ मारता मारता बहुतेक जण स्वतःच दुरुस्त करतात.