पाव-पाण्याच्या विधीत गडबड झाली तर

अमेरिकेच्या युटा राज्यातील मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये रविवारच्या सभेत येशूच्या स्मरणार्थ पाव आणि पाणी वाटण्याचा विधी बहुतेक वेळा किशोरवयीन मुले पार पाडतात. त्यामुळे तिथे हसू आणणारे प्रसंग घडणे स्वाभाविक आहे, आणि ते प्रेमानेच सावरून घ्यायला हवेत.

सर्वाधिक धांदल प्रार्थनेच्या वेळी उडते, कारण ती शब्दशः म्हणावी लागते. पाण्याच्या प्रार्थनेत मुलाने चुकून पावाची प्रार्थना सुरू केली, तर त्याने थांबून स्वतःच दुरुस्ती करावी. चूक त्याच्या ध्यानात आली नाही, तर बिशपने, म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखाने, त्याला हळुवारपणे ती पुन्हा म्हणायला सांगावे. मजकूर पाठ असला तरी छापील प्रत समोर ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. अशा क्षणी बाकांवरून एकही हसू ऐकू येता कामा नये, कारण तो मुलगा आधीच घाबरलेला असतो.

लहानग्याने पावाचे मूठभर तुकडे उचलले, तर हिसकावून घेऊ नयेत, कारण त्यामुळे रडारड सुरू होते. इवल्या पेल्यांचा ट्रे कलंडला, तर शेजारच्याने रुमालाने पाणी टिपावे आणि उरलेले पेले शांतपणे पुढे द्यावेत.