अपिलाची मुदत उलटली? आधी नक्कल पालटून पाहा

कोर्टाने शिक्षा सुनावली, धावपळीत अपील राहून गेलं आणि मुदत टळली, म्हणून आशा सोडू नका. नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात असे खचलेले लोक मला नेहमी भेटतात. त्यांतल्या काहींची मुदत मुळात संपलेलीच नसते.

म्हणून पहिलं काम दिवस मोजण्याचं. जेएमएफसी, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी कोर्टाच्या शिक्षेवर सत्र न्यायालयात 30 दिवसांत अपील करायचं असतं. सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर मुंबई उच्च न्यायालयात 60 दिवसांत. फाशी असेल तर 30. निकालाचा दिवस धरत नाहीत, आणि नक्कल, म्हणजे निकालाची कोर्टाकडून मिळणारी प्रमाणित प्रत, मिळायला लागलेला काळही वजा होतो. नकलेच्या शेवटच्या पानामागे शिक्का असतो: अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी नेली. समजा, जेएमएफसी कोर्टाचा निकाल 3 मार्चचा. साधी मुदत 2 एप्रिलला संपते. नकलेचा अर्ज 10 मार्चला केला, ती 17 ला तयार झाली. दोन्ही दिवस धरून हे 8 दिवस वजा जाता मुदत 10 एप्रिलपर्यंत येते. अपील 5 मेला दाखल केलं, तर उशीर 25 दिवसांचा. मात्र नक्कल तयार होऊनही तुम्ही ती नेली नाही, तर ते दिवस तुमच्याच खात्यावर पडतात.

खरंच उशीर झाला असेल, तर अपिलासोबतच विलंब माफीचा अर्ज द्या. त्यासाठी मुदत कायदा, 1963 चं कलम 5 आहे. सोबत प्रतिज्ञापत्र जोडा. सगळा जीव या अर्जात आहे. ‘आजारी होतो’ एवढं लिहून भागत नाही. कधीपासून कधीपर्यंत, कुठल्या दवाखान्यात, बरे झाल्यावर वकिलांकडे कधी गेलात, हे तारखेनिशी लिहा आणि डिस्चार्ज कार्ड लावा. सुरगाण्याहून आलेल्या एका बाईंनी एसटीची तिकिटंसुद्धा जपून ठेवली होती. त्यांच्या अर्जाला त्या तिकिटांचा मोठा आधार झाला. दवाखाना आणि अपील यांच्यामधले रिकामे दिवस बहुतेकजण विसरतात, आणि सरकारी वकील नेमकं तिथेच बोट ठेवतात. प्रत्येक दिवसाच्या हिशेबाचा अतिरेकी आग्रह नको, असं सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्येच सांगितलं आहे. पण खोटं कारण उघडं पडलं, तर पुढच्या खऱ्या कारणावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

माणूस नाशिकरोडच्या कारागृहात असेल, तर तिथल्या अधीक्षकांमार्फत अपील पाठवता येतं. आरोपीला निकालाची एक प्रत मोफत मिळते. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतला माणूस, महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

अर्ज दिला म्हणून शिक्षा आपोआप थांबत नाही, हे घरच्यांना आधीच समजावून सांगा. आधी विलंब माफ होतो, मग अपील दाखल करून घेतलं जातं आणि त्यानंतर शिक्षा स्थगित करण्याच्या अर्जावर, म्हणजे फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 430 खाली, सुनावणी होते. हा अर्जही पहिल्याच दिवशी तयार ठेवा. सत्र न्यायालयाने विलंब माफ केला नाही, तर उच्च न्यायालयात दाद मागता येते. त्यासाठी नकार मिळाला त्याच दिवशी त्या आदेशाच्या नकलेचा अर्ज टाका.