जुन्या इनलाइन सिक्सवर हात बसवायचाय? आधी शून्य कुठेय ते शोधा

जुनं इनलाइन सिक्स, म्हणजे एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं इंजिन, ट्यून करायला शिकायचंय असं कुणी म्हटलं की पुढचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात, कोणता कॅम (वाल्व उघडणारा दांडा) टाकू, ट्रिपल वेबर कार्ब घेऊ का, टर्बो बसेल का. मीही हेच विचारत होते. हे लिहितेय ते अशांसाठी ज्यांना टॅपेट सेट करता येतात, कार्ब खोलून परत बसवता येतो, पण पॉवर वाढवायची म्हटलं की नेमका हात कुठे घालायचा ते कळत नाही.

पहिली गोष्ट या इंजिनच्या स्वभावाची. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४, दर १२० अंशांना एक स्फोट, आणि पिस्टनच्या वरखाली होण्याचे धक्के एकमेकांना मारून टाकतात, म्हणून हे इंजिन इतकं मऊ चालतं. पण हा मऊपणाच नवख्याला गोत्यात आणतो, कारण चारमधला एक सिलिंडर कमजोर झाला की गाडी हलून सांगते, सहामधला एक कमजोर असला तरी ती बऱ्यापैकी चालत राहते आणि आपण समजतो इंजिन ठणठणीत आहे. म्हणून एकही पार्ट विकत घेण्याआधी इंजिन गरम करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या, शक्य असेल तर लीकडाउनपण (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणं). एखादा बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी खाली असेल तर ट्यूनिंग विसरा, आधी दुरुस्ती. मग भले कुणी काहीही म्हणो.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे मी जरा जास्तच बोलणारे, कारण याने माझे कित्येक महिने खाल्लेत आणि अजून आठवलं की जीव तुटतो.

क्रँकच्या पुढच्या टोकाला जी जाड पुली दिसते ती साधी पुली नसते. सहा सिलिंडरचा क्रँक लांब, आणि प्रत्येक स्फोटाला तो किंचित पिळला जातो आणि उलटा सुटतो, ठराविक आरपीएमला ही पिळवटण वाढत वाढत क्रँक तोडू शकते. ती मारायला तिथे डॅम्पर असतो: आत हब, बाहेर जड लोखंडी रिंग, आणि दोघांमध्ये रबर. आता बघा, टायमिंगच्या (ठिणगी किती अंशावर पडते त्याच्या) खुणा बऱ्याच इंजिनांत कशावर असतात? बाहेरच्या रिंगवर. आणि रबर किती जुनं असतं? चाळीस-पन्नास वर्षं. उष्णता आणि गळक्या सीलचं ऑइल खाऊन ते रबर हबला सोडतं आणि बाहेरची रिंग हळूहळू फिरते. डोळ्याला काहीच दिसत नाही. पट्टा फिरतोय, इंजिन चालतंय, टायमिंग लाइट मारली की खूण बरोबर १० वर. फक्त तो १० हा १० नसतो.

माझ्या हातातलं इंजिन मंद होतं, तापत होतं, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड नको तितका लाल. मी जेट बदलले, फ्लोट लेव्हल बदलली, कॉइल बदलली, कॅम घासला असेल म्हणून तोही मोजला. टायमिंगवर संशय आलाच नाही, कारण ते तर लाइटने बघितलेलं. शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने थोडं रागावूनच विचारलं, शून्य कुठेय ते तू स्वतः बघितलंस का? खरं टायमिंग खुणेच्या बरंच मागे होतं.

उलट्या बाजूने सरकलं असतं तर इंजिनच गेलं असतं. समजा फुल ॲडव्हान्स (पिस्टन वर पोचायच्या किती आधी ठिणगी) ३४ अंश ठेवलाय आणि रिंग ६ अंशांनी फसवतेय, तर खरा ॲडव्हान्स ४०. जास्त लोडवर नॉकिंग (मिश्रण स्वतःहून भडकून बसणारे ठोके) सुरू, आणि एक्झॉस्टच्या आवाजात ते ऐकूही येत नाही. मग पिस्टनच्या रिंग लँड तुटतात, हेड गॅस्केट उडतं आणि लोक पेट्रोलला शिव्या देतात.

म्हणून खरा टीडीसी (टॉप डेड सेंटर, पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा, आपलं शून्य) शोधायचा, आणि तो स्क्रू ड्रायव्हर प्लगच्या भोकात घालून नाही. वरच्या टोकाशी क्रँक कितीतरी अंश फिरला तरी पिस्टन जवळजवळ जागचा हलत नाही, त्यामुळे "सगळ्यात वर" कधी आला ते हाताला कळूच शकत नाही. पिस्टन स्टॉप वापरा, म्हणजे प्लगच्या भोकात बसून पिस्टनला अडवणारा तुकडा. जुन्या प्लगमधली चिनीमाती काढून, आटे पाडून त्यात गोल टोकाचा बोल्ट बसवला तरी काम होतं. बॅटरी काढा, सगळे प्लग काढा, स्टॉप पहिल्या सिलिंडरमध्ये लावा. क्रँकच्या बोल्टवर पाना लावून हाताने, अगदी सावकाश फिरवा, पिस्टन टेकला की पॉइंटरसमोर डॅम्परवर खूण करा. मग उलट दिशेला फिरवा, परत टेकेल, दुसरी खूण. दोन्हींच्या मधल्या छोट्या कमानीचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. समजा जुन्या पट्टीवर पिस्टन एकदा टीडीसीआधी १४ ला आणि एकदा टीडीसीनंतर २६ ला टेकला, तर स्टॉप दोन्हीकडे खरा २० वर आहे आणि तुमची पट्टी ६ अंश खोटं बोलतेय, ती १० दाखवेल तेव्हा खरे १६ असतील. स्टार्टर चुकूनही मारू नका, पिस्टनला भोक पडेल. उलटं फिरवताना क्रँकचा बोल्ट सैल होत नाही ना बघा. आणि एका टोकाला वाल्व थोडे उघडे असतात, ते स्टॉपला लागतील अशी शंका आली तर रॉकर असलेल्या इंजिनात पहिल्या सिलिंडरचे टॅपेट सैल करून घ्या.

हे झाल्यावर हब आणि रिंग दोन्हींवरून जाईल अशी रंगाची एक सरळ रेघ ओढा. काही दिवस चालवून बघा, रेघ तुटली तर डॅम्पर संपलाय, नवीन घ्या किंवा रबर नव्याने बसवून घ्या. त्याच्या जागी हलकी ॲल्युमिनियमची सॉलिड पुली लावा, पटकन रेस पकडते, असं सांगणारे भरपूर भेटतील. माझं स्पष्ट मत, इनलाइन सिक्सवर ती लावूच नका. निसानच्या आरबी२६ मध्ये सुरुवातीच्या क्रँकवर ऑइल पंप पकडणारा भाग अरुंद होता आणि जास्त आरपीएमला क्रँकच्या कंपनांनी पंप फुटल्याच्या गोष्टी या कामातल्या सगळ्यांना माहितीयेत. तिथे डॅम्परच काढून टाकायचा म्हणजे संकट घरी बोलवणं.

घाबरू नका, एकदा शून्य पक्कं झालं की बाकीचं खूप सोपं होतं. डिस्ट्रिब्युटरची वजनं अडकत नाहीत ना, व्हॅक्यूमचा डायफ्रॅम फाटलेला नाही ना ते बघा. मग इंधन. एकाच कार्बवर चालणाऱ्या सिक्समध्ये मधल्या सिलिंडरांना पेट्रोल जवळ आणि पहिल्या-सहाव्याला लांब, त्यामुळे टोकाचे लीन (पेट्रोल कमी) चालू शकतात आणि एक्झॉस्टमधला वाइडबँड सेन्सर सगळ्यांची सरासरी दाखवून समाधान देतो. सहाही प्लग काढून ओळीने ठेवून वाचायची सवय लावा. ट्रिपल कार्ब असतील तर आधी तिन्हींचा हवेचा फ्लो सारखा, जेट नंतर.

आरपीएमचं एक गणित डोक्यात ठेवा. जॅग्वारचं ३४४२ सीसीचं एक्सके आणि डॅटसनचं एल२४, दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८३ मिमी, पण स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) एकाचा १०६ आणि दुसऱ्याचा ७३.७. जॅग्वारमध्ये ५५०० आरपीएमलाच पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९.४ मीटर होतो, एल२४ ला तिथे पोचायला ७९०० लागतात. म्हणजे एका इंजिनवर चाललेला रेस कॅम दुसऱ्याला सांगायचा नसतो. लांब स्ट्रोकवाल्याला खालून टॉर्क घेऊ द्या. स्ट्रोकर (जास्त स्ट्रोकचा क्रँक टाकून मोठं केलेलं इंजिन) हवाच असेल तर जुने जोड आहेतच, डॅटसनच्या एल२८ मध्ये एलडी२८ डिझेलचा ८३ मिमीचा क्रँक, किंवा बीएमडब्ल्यूच्या २.५ लिटर एम२० मध्ये ईटा मॉडेलचा ८१ मिमीचा. पण हे पहिलं काम नाही. आणि आपल्या क्रँकला मेन बेअरिंग किती आहेत ते आधी बघा, एल सिरीजला सात, क्रायस्लरच्या स्लँट सिक्सला चारच.

हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणं स्वस्त वाटतं, पण ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात हेड खाली आलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो, चेन सैल पडते आणि कॅम मागे पडतो. एल सिरीजमध्ये कॅम टॉवरखाली शिम घालतात, स्प्रॉकेटला तीन भोकं दिलीयेत तीही थोडीफार भरपाई करायला. डिग्री व्हीलने (क्रँकला लावायची अंशांची चकती) कॅम मोजल्याशिवाय इंजिनचं झाकण लावू नका. आणि डिग्री व्हील लावायचं म्हणजे परत खरा टीडीसी हवाच.

उस्ताद निवडताना एवढंच बघा की तो आधी मोजतो का. आवाज ऐकून कॅम सुचवणारा कितीही नावाजलेला असला तरी मला चालत नाही. डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) मोजणी होते खरी, पण कंट्रोल सोडून तिथे जाऊ नका: टायमिंग पाहिजे त्याच्या चार-पाच अंश मागे ठेवून सुरुवात करा, मिश्रण थोडं रिच (पेट्रोल जरा जास्त), आणि एका रनमध्ये एकच गोष्ट बदला. ॲडव्हान्स दोन-दोन अंशांनी वाढवत न्या, पॉवर वाढायची थांबली की तिथून दोन अंश मागे येऊन डिस्ट्रिब्युटर घट्ट करा.