खेळणाऱ्या मुलांचे खाणे: उपदेशाआधी वेळापत्रक

खेळाडू मुलाला सकस आहारावर व्याख्यान देण्यापूर्वी पालकांनी आणि प्रशिक्षकांनी त्याचे दिवसाचे वेळापत्रक मांडून पाहावे, कारण तो काय खातो यापेक्षा कधी आणि किती खातो, तिथेच बहुधा गडबड असते. शाळेतून थेट मैदानावर जाणाऱ्या मुलाच्या पोटात दुपारच्या डब्यानंतर चार-पाच तास काहीच गेलेले नसते. मग सराव संपताच समोर दिसेल ते पाकीट फोडले जाते आणि दोष मात्र त्याच्या जिभेला दिला जातो.

म्हणून दप्तरात सरावाचा वेगळा डबा असावा. पूर्ण जेवण सरावाच्या 3 ते 4 तास आधी व्हावे आणि तासभर उरला असताना केळ्यासारखे हलके, पटकन पचणारे काही खावे. तळलेले पदार्थ त्या वेळी पोटात रेंगाळतात, त्यामुळे ते टाळावेत. सरावानंतर साधारण तासाभरात पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने एकत्र मिळाली, म्हणजे दूध आणि फळ किंवा पाव आणि अंडे, तर स्नायूंमधला ग्लायकोजेनचा (ऊर्जेसाठी साठवलेल्या साखरेचा) साठा भरून निघतो व त्यांची झीजही सावरते. घरी पोचताच जेवण तयार असेल, तर तेच पुरे. प्रथिनांच्या भुकटीचे डबे चौरस आहार घेणाऱ्या मुलाला सहसा लागत नाहीत, जाहिराती काहीही म्हणोत.

सरावात दर 15-20 मिनिटांनी पाण्याचे काही घोट घ्यायला लावावेत. तासाभराच्या आतील सरावाला साधे पाणी पुरते, आणि कॅफीन असलेली एनर्जी ड्रिंक्स मुलांना देऊच नयेत.

पालेभाज्या आणि कडधान्यांतील लोह अंगी लागण्यासाठी त्यांच्यासोबत लिंबू किंवा आंबट फळ द्यावे. जेवणालगत घेतलेला चहा-कॉफी हे शोषण कमी करतो. नावडती भाजी ताटात आवडत्या पदार्थाशेजारी थोडीशी, पुनःपुन्हा यावी. पण ती संपवल्याबद्दल गोडाचे बक्षीस ठेवू नये, कारण त्यातून भाजी ही शिक्षा असल्याचेच मूल शिकते.

सर्वाधिक जपायला हवे ते वजनाबद्दल बोलताना. वजनगटाच्या किंवा सडसडीत बांध्याला महत्त्व देणाऱ्या खेळांत प्रशिक्षकाचा एखादा सहज शेरा मुलाला जेवण टाळायला पुरेसा ठरतो. व्यायामाच्या मानाने ऊर्जा सतत कमी पडली, तर वाढ खुंटते, हाडे कमकुवत होतात आणि मुलींची पाळी अनियमित होते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या स्थितीची स्वतंत्र दखल घेतली. वारंवार दुखापती, न जाणारा थकवा, पाळी थांबणे किंवा सर्वांसोबत जेवायचे टाळणे दिसल्यास रागावू नये, डॉक्टरांना दाखवावे.

स्पर्धेच्या दिवशी मात्र कोणताही नवा पदार्थ देऊ नये. काय मानवते आणि काय नाही, हे आधीच्या सरावांत पाहून ठेवावे आणि त्या सकाळचा डबा मुलालाच ठरवू द्यावा.