डिस्क ब्रेक पुन्हा पुन्हा जाम होतोय? कॅलिपरच्या खाचेतला थर काढा

मोटरसायकलच्या ब्रेकचा दांडा सोडल्यावरही पुढचं चाक हाताने फिरवताना जड लागलं, की पॅड बदलले जातात किंवा कॅलिपरमधला (डिस्कला आवळणाऱ्या भागातला) पॅड ढकलणारा पिस्टन पुसून परत बसवला जातो. चार दिवस बरं चालतं, मग चाक पुन्हा धरतं. जुन्या गाडीत याचं मूळ बहुतेक वेळा सीलच्या मागच्या खाचेत असतं.

पिस्टनभोवतीचं चौकोनी छेदाचं रबरी सील नुसतं ऑइल अडवत नाही. ब्रेक दाबला की ते किंचित वाकतं, सोडला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. ॲल्युमिनियम गंजलं की खाचेत पांढरा, खडूसारखा कडक थर धरतो. तो सीलला आत ढकलतो आणि सील पिस्टनला आवळून ठेवतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे कोकणासारख्या दमट हवेत ऑइल वर्षानुवर्षं न बदललेल्या गाड्यांचे कॅलिपर विशेष तपासावेत.

पिस्टन काढायचा तो पाइप सोडवण्याआधी. कॅलिपर डिस्कवरून उतरवा, पॅड काढा आणि दांडा हळूहळू दाबत पिस्टन ऑइलच्याच दाबाने बाहेर येऊ द्या. वरची टाकी रिकामी पडू देऊ नका. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग सुटतो. कॉम्प्रेसरची हवा मारली तर पिस्टन गोळीसारखा सुटतो, बोटं चिरडतात. पिस्टनला पक्कडही लावू नका, ओरखडा उठला की तो गेला. पॅडची धूळ फुंकून उडवू नका, जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने टिपा.

सील लाकडी काडीने उचकटा. वाळून साखरेसारखं झालेलं ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, म्हणून कॅलिपर आधी गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणात अर्धा तास ठेवा. उरलेला तपकिरी, लाखेसारखा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर भिजवला की मऊ पडतो. पेट्रोल, डिझेल, रॉकेल वापरू नका, त्याचा अंश राहिला तरी सील फुगतं. कॉस्टिक सोडा तर ॲल्युमिनियमच खातो.

पांढरा थर मात्र भिजवून जात नाही, तो खरवडावाच लागतो. जाड तांब्याच्या तारेचं टोक हातोडीने चपटं करा, काटकोनात वाकवा आणि खाचेच्या तळाशी व दोन्ही कोपऱ्यांत फिरवा. स्टीलच्या स्क्रूड्रायव्हरने खाचेची कडा खरचटते, तिथून ऑइल झिरपतं. इथे घाई नको, एका खाचेला वीस मिनिटं सहज लागतात. काम झालं का, हे असं ओळखा: नवं सील बसवा, सील आणि पिस्टनला नवं ब्रेक ऑइल लावा. पिस्टन अंगठ्यांच्या दाबाने सरळ आत जायला हवा. जोर लावावा लागला तर थर अजून शिल्लक आहे.

पिस्टनवरचे बारीक डाग २००० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावून काढता येतात. सील जिथे घासतं तिथे नखाला खड्डा लागला, तर पिस्टन नवाच घ्या.

एवढं करूनही चाक धरत असेल तर वरचा मास्टर सिलिंडर, म्हणजे दांड्याजवळचा ऑइलला दाब देणारा भाग, बघा. टाकीच्या तळाला दोन भोकं असतात, एक मोठं आणि एक सुईच्या टोकाएवढं. काही गाड्यांत त्यांवर छोटी टोपी असते. बारीक भोक बुजलं की गरम होऊन फुगलेल्या ऑइलला परतीची वाट उरत नाही. केबलच्या तारेतला एकच बारीक धागा त्या भोकात हलक्या हाताने घाला. ड्रिल नको, भोक मोठं होता कामा नये.

जोडताना सील आणि बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर नवे घाला, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना सिलिकॉन ग्रीस लावा. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या डॉट नंबरचंच (ब्रेक ऑइलच्या प्रकाराचा नंबर) ऑइल सीलबंद बाटलीतून भरा आणि हवा पूर्ण काढा. मग दांडा एक मिनिट घट्ट दाबून धरा. तो हळूहळू आत जात असेल किंवा जोडांवर ओल दिसत असेल, तर गाडी रस्त्यावर काढू नका.