इअरफोनच्या डब्यावरचे आकडे वाचताना या चुका टाळा

लातूरच्या ट्यूशन एरियात नीटची तयारी करणारी पोरं तासन्‌तास कानात इअरफोन घालून लेक्चर ऐकतात. माझा भाचा त्यांतलाच. खोलीतल्या कूलरची घरघर ऐकू येऊ नये म्हणून त्यानं 'नॉइज कॅन्सलेशन' वाचून इअरबड्स आणले, पण घरघर जशीच्या तशी. डबा उलटून बघितला तर ईएनसी लिहिलेलं. ते माइकसाठी असतं: कॉलवर समोरच्याला तुमच्याकडचा गोंगाट कमी ऐकू येतो. स्वतःच्या कानाला शांतता हवी असेल तर एएनसी बघा. कूलर, एसटीचं इंजिन अशा एकसुरी घरघरीवर ते चांगलं चालतं. शेजारच्या खोलीतल्या गप्पा मात्र बऱ्याच ऐकू येतात.

वायरवाल्यांत सगळ्यात जास्त फसगत सेन्सिटिव्हिटीत, म्हणजे ठरावीक विजेवर इअरफोन किती मोठ्यानं वाजतो त्या आकड्यात होते. एकावर १०० डेसिबल, दुसऱ्यावर ११५. म्हणजे दुसरा मोठ्यानं वाजणार, असं वाटतं. आधी एकक बघा. १०० हा आकडा एका मिलिवॉटला आणि ११५ हा एका व्होल्टला दिलेला असेल, तर ३२ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) इअरफोनमध्ये दोन्ही सारखेच. एका व्होल्टला तिथं सुमारे ३१ मिलिवॉट लागतात आणि तेवढ्यानं १५ डेसिबल वाढतात. एककच छापलेलं नसेल तर मी तो आकडा धरतच नाही. जास्त ओहम म्हणजे जास्त दर्जा, हेही खरं नाही. १६ किंवा ३२ ओहम फोनला सहज झेपतात. २५० ओहमचा हेडफोन फोनवर बहुतेकदा बारीकच वाजतो.

'५ हर्ट्झ ते ४० किलोहर्ट्झ' वाचून भुलू नका. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो. ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा भाग, १० मिलिमीटरचा की १३चा, एवढ्यावरून बासही ठरत नाही. बास नाही म्हणून इअरफोन परत करण्याआधी रबरी टिप बदलून बघा. कानात फट राहिली की आधी बास जातो.

आयपीएक्स५ म्हणजे पाण्याच्या धारेची चाचणी. त्यातला एक्स धुळीच्या आकड्याच्या जागी असतो, म्हणजे धुळीबद्दल काहीच सांगितलेलं नाही. आपल्याकडचा उन्हाळ्यातला फुफाटा बघता मी आयपी५४ सुचवेन.

एका बाजूचा आवाज बारीक झाला तर इअरफोन फेकू नका. जाळी मळानं बुजलेली असू शकते. जाळी खालच्या बाजूला धरून कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. पिन आत घालू नका, जाळी फाटते.