गाव ओळखलं, तारीख चुकली

तालुक्याची बातमीदारी सुरू करताय ना? मग मोबाइल कुठला, माइक कुठला, थंबनेल कसं करायचं हे मी सांगत बसणार नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी चिपळुणात सहा-सात वर्षं हे काम करतेय. आधी एका दैनिकाला बातम्या द्यायचे, आता जोडीला स्वतःचं यूट्यूब चॅनेल आणि व्हॉट्सअ‍ॅपचे चार ग्रुप आहेत. तरी पावसाळ्यात रात्री फोन वाजला की अजून पोटात गोळा येतो.

22 जुलै 2021 चा पूर चिपळूणकर विसरू शकत नाहीत. त्यानंतर पावसाचा जोर आणि भरतीची वेळ जुळली की इथले दुकानदार झोपत नाहीत. त्यात कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी कोळकेवाडी धरणातून आमच्या वाशिष्ठी नदीतच येतं. म्हणून ‘कोळकेवाडीचं पाणी सोडलं’ ही अफवा दर पावसाळ्यात उठते आणि ऐकणाऱ्याला ती खोटी वाटत नाही.

पुरानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात, रात्री साडेदहाला, मला असाच एक व्हिडिओ आला. बाजारपेठेत गुडघाभर पाणी. पाठवणारा ओळखीचा, चिपळूणचाच. मी विचारलं, “कुठला रे?” तो म्हणाला, “बाजारपेठेतला, दिसत नाही का?” दिसत होतं. गल्ली माझ्या रोजच्या येण्याजाण्याची. मी दोन ओळी लिहिल्या आणि चारही ग्रुपवर टाकला.

सकाळी एका किराणा दुकानदार काकांनी बोलावून घेतलं. माझी पोस्ट बघून ते आणि त्यांचा मुलगा रात्रभर तांदळाची पोती माळ्यावर चढवत होते. ओल्या जिन्यावरून काकांचा पाय घसरला होता, कमरेला पट्टा बांधून बसले होते. ओरडले नाहीत. माझाच व्हिडिओ उघडून एका जागी थांबवला आणि म्हणाले, “गो बाय, हे निळं शटर बघ. माझंच आहे. पुरात वाकलं म्हणून भंगारात दिलं मी.” त्यांच्या मागे करड्या रंगाचं नवं शटर होतं.

माझा सापळा हा होता, म्हणून जरा लांबण लावते. परक्या गावाचा व्हिडिओ असता तर मी शंका घेतली असती. जागा ओळखीची निघाली, तिथेच शंका संपली. ‘कुठला’ हे विचारलं, ‘कधीचा’ हे विचारलंच नाही. पाठवणाराही खोटं बोलला नव्हता. त्याला कोणीतरी पाठवला, त्याने मला पाठवला.

दोन बाण आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असं दिसलं तर सावध व्हाल, पण ते नसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. व्हिडिओ फोनमध्ये उतरवून नव्याने पाठवला की तो शिक्का जातो. गॅलरीत दिसणारी तारीख बहुतेक वेळा तुमच्या फोनमध्ये तो उतरला तेव्हाची असते. फोटो असेल तर मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की काढल्याच्या वेळेची नोंद गळून पडते. व्हिडिओ थांबवून त्या चित्राचा गूगल लेन्सवर शोध घ्या. मग शटर, पाट्या, वाढदिवसाचे बॅनर बघा. बॅनर तर हमखास तारीख सांगतात, आपल्याकडे त्यांची वाण नाही. आणि त्या गल्लीतल्या दोघांना फोन करा. दोघांना, एकाला नव्हे. फोन लागला नाही तर बातमी थांबवा. थांबल्याने कोणाची कंबर मोडत नाही.

हे मला कोणी शिकवलं नाही. दरवर्षी 6 जानेवारीला, पत्रकार दिनी, आपण पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांना हार घालतो, त्यांच्या 1832 च्या ‘दर्पण’ या पहिल्या मराठी वृत्तपत्रावर भाषणं ऐकतो, वडापाव खाऊन घरी येतो. आलेला व्हिडिओ तपासायचा कसा, यावर अर्धा तास कोणी बोलत नाही. पैसे भरून ‘प्रेस’चं ओळखपत्र देणारे मात्र ढीगभर भेटतील. घेऊ नका, गाडीला स्टिकर लावण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. गुरू शोधायचाच तर बातमी अडवणारा शोधा. “टाक गो, चुकलं तर डिलीट करू” म्हणणारे माझे पहिले ज्येष्ठ फार प्रेमळ होते. माझं नुकसान त्यांनीच जास्त केलं.

एका हापूस बागायतदाराकडून मात्र शिकले. तो व्हॉट्सअ‍ॅपवर पुण्या-मुंबईला पेट्या विकतो. गिऱ्हाइकं म्हणायची, फोटो गेल्या वर्षीचा कशावरून? आता तो उघड्या पेटीवर त्या दिवशीचा पेपर ठेवून फोटो काढतो. छापील पेपरला कोकणात एवढं तरी काम उरलंय! तेव्हापासून मीही पाठवणाऱ्याला सांगते, व्हिडिओ कॉल लाव आणि कॅमेरा चहूकडे फिरव.

पैशांचं थोडक्यात. मानधनातून पेट्रोल सुटत नाही, जाहिरातीच्या कमिशनवर चालतं, आणि सोमवारी ज्याची शुभेच्छा जाहिरात घेतली त्याच्याच गटाराची बातमी बुधवारी येते. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास पाहिले जाणं लागतं. मला दीड वर्ष लागलं. पहिल्या पैशांतून रेनकोट घेतला.

घाबरू नका, चूक झाली म्हणून लोक लगेच टाकून देत नाहीत. मी दुसऱ्या दिवशी त्याच चार ग्रुपवर ‘तो व्हिडिओ 2021 चा होता, चूक माझी’ असं लिहिलं. वीसेक जण ग्रुप सोडून गेले, त्यातले बरेचसे गणपतीपर्यंत परत आले. नुसतं डिलीट केलं असतं तर तोच व्हिडिओ माझ्या नावानिशी पुढच्या पावसात पुन्हा फिरला असता.

काकांचा नंबर आता माझ्या फोनमध्ये सगळ्यात वर आहे. परवा रात्री अकराला असाच एक व्हिडिओ आला, मी आधी त्यांना लावला. “काका, पाणी कुठवर आलंय?”

“पायरीला पण नाही. झोप आता.”